काकूंचे गुडघे

डोंगरावरचं ते जुनं गाव चहाघरांसाठी आणि रस्त्यावरच्या खाण्यासाठी नावाजलेलं, आणि नेमकं आत्ताच डॉक्टरांनी काकांचं तळलेलं बंद केलेलं. "जरा उन्हात बसून येते," म्हणून काकू सकाळी लॉजबाहेर पडल्या होत्या, त्या परतल्या कुरकुरतच. "गुडघे धरलेत बाई. पोटही जड झालंय, मला जेवायला नको," म्हणत त्या पांघरूण ओढून आडव्या झाल्या.

त्यांचा डोळा लागताच काकांनी चपला हातात घेतल्या आणि धूम ठोकली. चहाघरांच्या गल्लीतून दगडी पायऱ्या चढत, धापा टाकत ते थेट सगळ्यात वरच्या तळणीच्या गाड्यापाशी पोहोचले.

"एक प्लेट. झटपट!"

गाडेवाल्याने झारा बाजूला ठेवला आणि त्यांना नीट न्याहाळलं. "तुम्हाला नाही मिळणार, काका. सकाळी काकू येऊन तुमचा फोटो दाखवून गेल्या. म्हणाल्या, हे येतील, गयावया करतील, पण तुम्ही विरघळू नका. खालच्या सगळ्या गाड्यांवरही असंच सांगत आल्या होत्या."

काकांना भरून आलं. तसले गुडघे घेऊन बिचारी आपल्यासाठी एवढ्या पायऱ्या चढली!

"फार जीव आहे हो तिचा माझ्यावर," ते म्हणाले.



"तर काय! प्रत्येक गाड्यावर आधी स्वतः एक प्लेट खाल्ली. म्हणाल्या, 'चाखल्याशिवाय कसं कळणार, ह्यांना सोसेल की नाही!'"