वहीतला पत्ता

दोन कठडे, मध्ये चार हात मोकळी जागा. आतल्या कठड्याशी एलादिओची शेजारीण कासिमिरा उभी होती, बोटं झडलेल्या हातांनी त्याचा पत्र्याचा डबा कवटाळून. बाहेरच्या कठड्याशी एलादिओची मुलगी ओलिवा. जन्मली त्याच दिवशी तिला महारोग्यांच्या ह्या वसाहतीतून बाहेर नेलं होतं. सव्वीस वर्षांनी ती आली, तेव्हा बापाला जाऊन नऊ दिवस झाले होते.

डबा पोरीलाच देईन, असा शब्द कासिमिरानं एलादिओला मरताना दिला होता. पण कारकून अनिबाल बाहेर टेबल टाकून बसलेला. त्यानं समजावलं, की डब्यातली ही नाणी वसाहतीची, फाटकाबाहेर त्यांना कुत्रं विचारत नाही. रोग्यानं जिवंतपणी पत्ता दिला, तर कचेरी ती बदलून पैसे बाहेर पाठवते. मेल्यावर सगळं वसाहतीत जमा. वारसाची तेवढी सही लागते, म्हणून तर पत्र धाडलं.

"मेल्यावर बरी आठवण झाली," कासिमिरा म्हणाली.

ओलिवाला पैसे नकोच होते. ननांनी तिला अनाथ म्हणून वाढवलेलं, अजूनही ती त्यांच्याकडेच राहायची. आपल्याला बाप होता, हेच त्या पत्रानं कळलं. तिनं टाक उचलला आणि सहज विचारलं, "माझा पत्ता कुठून मिळाला तुम्हाला?"

"कुठून म्हणजे? वहीत आहे की. पहिल्यापासून."

कासिमिराचं काळीज फाटलं. दर वर्षी पोरीच्या वाढदिवसाला एलादिओ धुतलेला सदरा घालून ह्याच कठड्याशी यायचा, पत्ता मागायचा. नोंद नाही, असं हाच अनिबाल सांगायचा. मग खोलीवर येऊन एलादिओ वर्षाची शिल्लक डब्यात टाकायचा, म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू.

हे सगळं तिनं ओलिवाला ऐकवलं.

"रोग्याला पत्ता सांगायचा नाही, असा नियम आहे," अनिबाल वहीत बघत म्हणाला.

ओलिवानं टाक खाली ठेवला.

"तो पत्ता वाचा. मोठ्यानं वाचा, ह्या बाईंना ऐकू जाऊ दे."

अनिबालनं वाचला. बोगोटा, शिंप्यांची गल्ली, चर्चच्या मागे, घर अकरा.

कासिमिराला लिहिता येत नव्हतं. डबा तसाच छातीशी धरून ती वळली. अनिबाल मागून हाका मारत राहिला, पण ती थांबली नाही. एलादिओच्या कबरीपर्यंत विसरायला नको म्हणून ती चालता चालता पुटपुटत होती, शिंप्यांची गल्ली, चर्चच्या मागे, घर अकरा.