भोंग्यातला चहा

"निद्रा हा मनुष्याचा मूलभूत हक्क असून तो हिरावून घेण्याचा अधिकार जगातल्या कोणत्याही सत्तेला नाही!"

हेमसिंग गुरुजींनी हे रामरावच्या अंगणात उभं राहून, हात वर करून, खणखणीत आवाजात सांगितलं. पण रामराव त्यांच्या पाठीमागे होता. समोर म्हैस होती. म्हशीने शांतपणे ऐकून घेतलं.

"गुर्जी, मी इकडे हाय," रामराव म्हणाला. "काहून गरम होऊन राह्यले सकाळी सकाळी? बसा." आणि सवयीने घराकडे तोंड करून ओरडला, "ऐकतं का वं! गुर्जी आले, च्या मांड!"

गुरुजी जागच्या जागी उडाले आणि त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"हेच! हेच वाक्य! रात्रभर हेच ऐकून राह्यलो मी!"

खोटं नव्हतं ते. गुरुजींनी निवृत्तीनंतर शांतता मिळावी म्हणून मानोऱ्याबाहेर अगदी शेवटचं घर बांधलं होतं, आणि त्यांच्या मागच्या भिंतीपासून रामरावचा हरभरा सुरू होत होता. हरभऱ्यात रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे कळप घुसू लागले तेव्हा शिवारातल्या सगळ्यांनी भोंगे टांगले, तसा रामरावनेही टांगला. अंगणात बसून त्याने मोबाइलमध्ये स्वतःचा आवाज भरला. 'हुर्र! हाड! हाड रे!' नेमके तेव्हाच गुरुजी अंगणात आले. आता आवाज भरणं मोठं की दारात आलेला माणूस मोठा? रामरावने मोबाइल हातात तसाच धरून आधी चहा सांगितला आणि मग राहिलेलं हाड-हाड पुरं केलं. भोंगे विकणाऱ्या अल्ताफने तो आवाज जसाच्या तसा भोंग्याच्या मेमरी कार्डात टाकून दिला. गिऱ्हाइकाच्या आवाजाचा अर्थ विचारायची त्याच्या दुकानात पद्धत नव्हती.

तेव्हापासून दिवस मावळला की धुऱ्यावरचा, शेताच्या बांधावरचा भोंगा थेट गुरुजींच्या खिडकीत ओरडायचा, "हुर्र! हाड! हाड रे! ऐकतं का वं, गुर्जी आले, च्या मांड! हुर्र! हाड!"

पहिल्या रात्री गुरुजी उठून, चपला घालून अर्ध्या धुऱ्यापर्यंत आले होते. आपल्याला बोलावलं की हाकललं, याचा उलगडा होईना, म्हणून परत फिरले. मग कानात कापूस घालून पाहिला. कापसातून हाड-हाड गाळलं जायचं, चहा तेवढा आत यायचा.

"काल आमच्या कमलीबाईनं मले गदगदा हलवलं," गुरुजी सांगू लागले. "म्हणे, तुमी इथं हाय का रामरावकडे? अन् खरं सांगतो रामराव, मले लवकर सांगता नाई आलं."

रामराव हसला नाही. त्याचंही तोंड उतरलं होतं.

"आजच्या आज माह्यं नाव काढा त्यातून."

"काढलं होतं ना, गुर्जी. परवा नवा आवाज भरला. नुसतं हाड-हाड. त्याच रात्री रोही आले. तुमच्या भिंतीकडचा पट्टा साफ केला. सकाळी पाह्यलं तं नुसते खुंट. मंग जुनाच आवाज परत लावला."

गुरुजींच्या चेहऱ्यावर विचित्र भाव आला. "परवा? म्हणूनच म्हटलं, मले कोणी बोलावलं काहून नाई. मी तं वाट पाहत जागाच होतो."

तेवढ्यात रामरावची बायको प्रयागबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "मी सांगतो काय झालं ते," त्या म्हणाल्या. "हाड-हाड तं सारेच करतात, गुर्जी. जनावराले मालूम हाय, तो भोंगा हाय, माणूस घोरून राह्यला. पण च्या मांडला म्हणजे? च्या कोणी झोपेत पेते का? म्हणजे माणसं जागी हायेत, पाव्हणा बसला हाय, लवकर उठत नाई. रोही कायले येते मंग?"

गुरुजींनी उभा जन्म पोरांची चुकलेली उत्तरं खोडण्यात घालवला होता. या उत्तरावर फुली कुठे मारावी ते त्यांना दिसेना.

"बरं, मंग दुसऱ्याचं नाव टाका," ते चाचरत म्हणाले. "सरपंच आले म्हणा."

"सरपंच?" प्रयागबाईंनी कपाळावर हात मारला. "निवडणूक झाल्यावर सरपंच कोणाकडे येते? रोह्यालेही समजते, खोटं हाय म्हणून."

"भोंग्याचं तोंड तरी फिरवा."

"रोही तुमच्याच बाजूनं येते ना," रामराव म्हणाला. मग तो गुरुजींच्या जवळ येऊन उकिडवा बसला. आवाज खाली आला. "तुमची झोप जाऊन राह्यली, मले दिसते. डोळे पाहा तुमचे. पण हरभरा गेला तं माह्यं वर्ष जाते. आता तुमी मोठे हा. तुमी म्हणान तं आत्ता काढतो भोंगा."

गुरुजींनी छाती पुढे काढली. भाषणाचा राहिलेला भाग, ज्यात लोकशाही होती आणि एक संस्कृत श्लोक होता, त्यांनी रात्रभर जागून पाठ केला होता. तोंड उघडलं, पण पहिला शब्दच सापडेना. शेतातला भोंगा दिवसा बंद होता. अंगणात कोवळं ऊन होतं. म्हैस रवंथ करत होती. कोणीच काही ओरडत नव्हतं.

त्यांची नजर अंगणातल्या रिकाम्या बाजेवर गेली. मग चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला.

"राहू द्या, रामराव. माह्यं नाव राहू द्या."

"मंग?"

"या बाजेवर जरा पडू द्या मले." ते बोलता बोलता आडवे झालेही होते. "अन् कोणी आलं, तं तेवढं च्याचं हळूच सांगजा."