थांबलेली बोटं

"खाज कातडीत नाही, मेंदूत असते," फोकशान शहरातले डॉक्टर म्हणाले.

"मग मेंदूला लावायचं मलम द्या ना," ओटिलिया फणकारली. तिच्या सात वर्षांच्या लेकीची, इलिंकाची नखं मुळापासून कापली, तरी एक्झिमा खाजवून खाजवून कोपरांतून रक्त यायचं.

"जीव घाबरला की मेंदू खाज विसरतो. आता त्याला मी काय करू, बाई?"

रविवारी जेवताना भूकंप झाला. मामलीगाचं, मक्याच्या घट्ट लापशीचं पातेलं जमिनीवर सांडलं. टेबलाखाली आईला बिलगलेली इलिंका थरथरत होती, पण तिची बोटं पहिल्यांदाच गप्प होती.

हादरे थांबले. बोटं पुन्हा कोपराकडे गेली.

"संपलं गं बाळा. आता घाबरायचं काही नाही."

खाजवत खाजवत इलिंकाने विचारलं, "परत कधी हलेल, आई?"