जेवलात का?

दोन्ही नाणी पुन्हा सारखीच पडली. दोन्हींवर आकडा. म्हणजे नाही.

यिन-चूने ती उचलली आणि देव्हाऱ्यातल्या नवऱ्याच्या नामफलकाकडे डोळे वटारून पाहिलं. त्साय म्हाताऱ्याला जाऊन आज दोन वर्षं झाली होती. पान वाढून तास उलटला होता: भात, आलं घालून शिजवलेलं डुकराचं मांस, बांबूचे कोंब आणि त्याच्याच खाडीतली तळलेली कालवं. उदबत्ती अर्धी जळली की नाणी टाकून कौल घ्यायचा, पोट भरलं का. एकावर चेहरा आणि एकावर आकडा आला की होकार, मग घरच्यांनी जेवायचं. सारखं पडलं की थांबायचं. आज पाच वेळा थांबून झालं होतं, आणि कालवं पार गार झाली होती.

"सिगरेट राहिली," मुलगी सु-ल्वान म्हणाली.

"डॉक्टरांनी बंद केली होती."

"आता कसला डॉक्टर, आई!"

सिगरेट पेटवून वाटीच्या कडेला ठेवली. "अहो, जेवलात का?" यिन-चूने सहाव्यांदा विचारलं. दोन्ही चेहरे.

"जिवंतपणी हट्टी, मेल्यावर त्याहून हट्टी," ती पुटपुटली.

सु-ल्वानने दाराबाहेर पाहिलं. "दादा सकाळपासून उन्हात उभा आहे."

यिन-चूलाही तो दिसत होता. अंगणात शिंपल्यांच्या ढिगाजवळ थोरला मुलगा आ-खुन उभा होता, काखेत एक गाठोडं. गेली तीन वर्षं दारूला हात लावलेला नाही म्हणत होता. गावापलीकडच्या देवळात भांडी घासतो म्हणत होता. म्हणत होता! आठ वर्षांपूर्वी याच देव्हाऱ्यातल्या धुपाटण्यावर हात ठेवून, पूर्वजांच्या साक्षीने त्याने दारू सोडल्याची शपथ घेतली होती. त्याच संध्याकाळी तो बापाच्या होडीत झिंगून पडलेला सापडला आणि होडी खाडीतल्या कालवं वाढवायच्या खांबांवर आपटून फुटलेली. 'हा या दारातून आत आला तर मी अन्नाला शिवणार नाही,' असं म्हातारा म्हणाला होता. तो शब्द त्याने मरेपर्यंत पाळला, आणि त्याच्या माघारी ती पाळत होती. शब्द तो शब्द.

"तो आत नाहीये, तरी बाबा कुठे शिवतायत अन्नाला?" सु-ल्वान म्हणाली. "एक नाणं हळूच उलटं कर ना, आई. कुणाला कळतंय?"

"ह्यांना कळतं."

अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याशी एकदाही खोटं बोलली नव्हती. सूप खारट झालं तर ताटावर बसायच्या आधीच सांगून मोकळी व्हायची.

तिने नाणी ओंजळीत घट्ट धरली. या वेळी तिने दुसरंच विचारलं.

"अहो, तो बाहेर उभा आहे. आत घेऊ का?"

तिने नाणी टाकली. एक नाणं देव्हाऱ्यापाशीच थांबलं. दुसरं लादीवरून घरंगळत निघालं. म्हाताऱ्याच्या शेवटच्या दिवसांत चाकाच्या खुर्चीसाठी उंबरा काढून टाकला होता, त्यामुळे नाण्याला अडवायला काही नव्हतं. ते सरळ अंगणात गेलं आणि आ-खुनच्या पायाजवळ आडवं झालं.

"इथे चेहरा आहे!" सु-ल्वान ओरडली. "दादा, तुझ्याकडे काय पडलंय?"

त्याने 'आकडा' एवढंच म्हटलं की होकार झाला असता. आतून कुणालाच ते नाणं दिसत नव्हतं. त्याने काय म्हणावं असं आपल्याला वाटतंय, हे यिन-चूला कळेना.

आ-खुन वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"चेहरा," तो म्हणाला.

"नीट बघ, दादा!"

"नीटच बघितलं. चेहराच आहे. बाबा नाही म्हणतायत." त्याने गाठोडं नीट काखेत धरलं. "येतो मी, आई. तब्येतीला जप."

तो फाटकापर्यंत पोचला.

"ए, थांब!" यिन-चूचा आवाज चिरकला. "नाणं काय तिथेच टाकून चाललास? कोण आणणार ते? माझे गुडघे बघितलेस का?"

तो मागे फिरला. नाणं उचलून दारापाशी आला आणि हात लांब करून बाहेरूनच देऊ लागला.

"असं नाही. चपला काढ नि आत ये."

तो आत आला. आठ वर्षांत त्याचे केस निम्मे पांढरे झाले होते, आणि अंगाला भांडी घासायच्या साबणाचा वास येत होता. दुसरा कसलाच नाही. यिन-चूने दुसरं नाणंही त्याच्या तळहातावर ठेवलं.

"थोरल्याने विचारायचं असतं. विचार."

आ-खुन गुडघ्यांवर बसला. नामफलकाकडे बघत म्हणाला, "बाबा, जेवलात का?" आणि त्याने नाणी टाकली.

ती गरगरत होती, तोच यिन-चूने दोन्ही तळवे त्यांच्यावर दाबून धरले.

"जेवले," ती म्हणाली.

"आई, बघ तरी—" सु-ल्वान पुढे झाली.

"जेवले म्हटलं ना!" हात न उचलता ती मुलाकडे वळली. "तू बस. कालवं गरम करायला सांगते सु-ल्वानला."