बंद पडद्यांचा मेणा

प्लेगच्या साली महाराजांचा मेणा केजच्या बाजारातून निघाला. पडदे बंद होते, तरी त्यांना नुसता हात लावायला गर्दी लोटली. पुढच्या दांड्याला खांदा दिलेला यमाजी भोई मान खाली घालून चालत होता. तेवढ्यात त्याची बायको ठकूबाई तापलेली लेक काखेत घेऊन गर्दीतून वाट काढत आली. तिनं पोरीचं कपाळ पडद्याला टेकवलं.

"आता उतरंल का वो हिचा ताप?"

"उतरंल," यमाजी म्हणाला. त्यानं पोरीकडं पाहिलं नाही.

ठकूबाई हात जोडून मागं राहिली.

प्लेगच्या भीतीनं महाराज आदल्या दिवशीच आडवाटेनं पुढं निघून गेले होते. सकाळी मेणा उचलताच यमाजीच्या खांद्याला कळलं होतं, आत कुणी नाही.