सुनेच्या वजनाचा गूळ

ब्याऐंशी साली मुंबईत पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून विजयमाला जयपूरला नवऱ्याच्या बिऱ्हाडी परतली. तिच्या सासूबाई, आक्काबाई, देवीला नवस बोलून बसल्याच होत्या: सून बारीक झाली, की तिच्या वजनाइतका गूळ वाटीन.

वजन झरझर उतरू लागलं. दर महिन्याला आक्काबाई तिला जयपुरातल्याच सोडाला भागातल्या कोळशाच्या वखारीत नेऊन मोठ्या तराजूत बसवायच्या. त्याआधी स्वेटर नि चपलाही काढायला लावायच्या.

"आई, फेड की आता नवस," मुलगा म्हणायचा.

"उतरतंय तर उतरू दे की. देवी कुठं पळून जाणार हाय? आन् गूळ काय फुकट मिळतोय?"

तीन वर्षं झाली, तरी वजन उतरायचं थांबेना. विजयमालाच्या मनगटातल्या लाखेच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. डॉक्टरांनी आक्काबाईंच्या देखतच सांगितलं, "खाल्लेलं अंगी लागत नाहीये. असंच चालू राहिलं, तर काही खरं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्काबाई गूळ घेऊन वखारीत हजर झाल्या. एका पारड्यात सून बसली, दुसऱ्यात वखारवाला ढेपा रचू लागला. चौथ्याच ढेपेला सुनेचं पारडं वर उचललं गेलं.

"बस, माताजी. बराबर हो गया."


आक्काबाईंनी सुनेच्या पारड्याची कड दोन्ही हातांनी खाली दाबून धरली. "किधर बराबर हुआ, भैया? और गूळ डालो!"