चौकटीचा दुसरा कर्ण

बायको गेल्याचं कळलं त्या दिवशी सकाळी सुतार मशीनची चौकट मोजत होता.

मशीन म्हणजे घरीच जुळवलेला सीएनसी राउटर. कॉम्प्युटरवर अक्षर काढायचं, मोटारी राउटर, म्हणजे कोरायचं फिरतं पातं, सरकवणार आणि लाकडात ते अक्षर कोरलं जाणार. तयार मशीन घेणं झेपणारं नव्हतं. म्हणून मोटारी भंगारातल्या प्रिंटरच्या, सरकत्या पट्ट्या मोडक्या कपाटाच्या, आणि चौकट घरातल्याच उरल्यासुरल्या लाकडाची. दारावरच्या पाट्या त्याची बायको कोरायची. तो फक्त लाकूड रंधून द्यायचा. मग तिच्या बोटांना पटाशी धरवेना.

"मशीन करा," ती म्हणाली होती. "पण अक्षरं माझी घाला. तुमची म्हणजे कोंबडीचे पाय."

दवाखान्यातून आज तिनंच त्याला घालवून दिलं होतं. "इथं बसून माझं तोंड काय बघताय? एक कर्ण मी असताना मोजलाय. घरी जा, दुसरा मोजा. दोन्ही सारखे आले की चौकट काटकोनात. तेवढं कळवा. माझ्या जिवाला घोर लागून राहिलाय."

चौकट वाकडी तर प्रत्येक अक्षर वाकडं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

जुना टेप कुठे सापडेना. लेक सासरहून आली होती, तिनं बाजारातून नवा आणला. तिनं एका कोपऱ्याला हूक अडकवला, सुतारानं समोरच्या कोपऱ्यावर वाचलं. एकशे छत्तीस सेंटिमीटर. बायकोनं पहिल्या कर्णाचा आकडा कोपऱ्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवला होता. एकशे सेहेचाळीस.

"नीट धर गं."

"नीटच धरलंय, बाबा. हूक आहे त्याला, मला धरावंसुद्धा लागत नाही."

दहाचा फरक म्हणजे चौकट नव्हे, पतंग. डोळ्याला दिसायला हवा होता. पण दवाखान्याच्या बाकावर जागून काढलेल्या डोळ्यांवर त्याचा भरवसा उरला नव्हता. तिच्या आकड्यावर होता.

"आईनं मोजलेला परत मोजून बघू या का?"

"तिनं मोजलेलं परत मोजायचं नसतं. कधी चुकलीय ती आजवर?"

त्यानं चारही कोपऱ्यांचे बोल्ट सैल केले आणि लाकडी हातोडा घेतला. तेवढ्यात मेहुणीचा फोन आला. बहिणीजवळ तीच बसली होती.

"भाऊजी, ताई विचारतेय, जुळलं का? सकाळपासून दुसरा विषय नाही तिला."

"नाही अजून. फरक येतोय."

पलीकडे कुजबुज झाली. मग मेहुणी म्हणाली, "ती म्हणते, येईलच कसा? मी उभी होते ना तिथे."

"म्हणावं, होतंय. जरा दम धर."

त्यानं फोन ठेवला आणि कोपऱ्यावर हातोडा घातला. लाकूड करकरलं. पुन्हा मोजलं, पुन्हा ठोकलं. आकडा एक-एकानं वाढत होता, तसा त्याला जोर चढत होता.

"बाबा, आता वाकडं दिसतंय हो."

"दिसू दे. तू आकडा बघ."

पुन्हा फोन वाजला. त्याचे दोन्ही हात चौकटीवर होते, म्हणून लेकीनं घेतला. ऐकता ऐकता तिचा धक्का लागून टेपचा हूक निसटला आणि पट्टी सर्रकन जाऊन डबीत शिरली.

"काय म्हणते मावशी?"

"बाबा..."

तो हातांना काहीतरी हवं म्हणून बोल्ट आवळायला पाना शोधू लागला. पाना टेबलाखाली पडला होता. तो काढायला वाकला तर हाताला जुना टेप लागला.

त्या टेपचं टोक कधीचंच तुटलं होतं. पहिले आकडेही पुसले होते. म्हणून बायको तो दहाच्या खुणेवर धरायची आणि दर वेळी हाक द्यायची, "दहावर धरलंय हं!" लाकूड कापायचं असलं की तो आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचा. कर्ण मोजताना करत नसे. दोन्ही तसेच मोजायचे, तर वजा कशाला करायचं?

तो टेप हातात घेऊन जमिनीवरच बसला.

"बरोबर होती गं चौकट," तो म्हणाला. "सकाळीच बरोबर होती."

लेकीला वाटलं, धक्क्यानं काहीबाही बोलतायत. तिनं त्याला पाणी दिलं.

"मी दम धर म्हणालो तिला."

"असू दे, बाबा. उठा आता. जायला हवं."

दुपारी तिला घरी आणलं. तिला ठेवायला जागा हवी म्हणून शेजाऱ्यांनी चौकट उचलली. बोल्ट सैल होते, ती आणखी एका अंगाला कलली. "ही आधीपासूनच अशी आहे का?" एकानं विचारलं. त्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली.

अजून ती तिथेच आहे. कोपऱ्यावर पेन्सिलीचा आकडा आहे. बोल्ट आवळायचे राहिलेत. दुसरा कर्ण दहावर धरून मोजायचा राहिलाय.